नाम आणि अस्तित्व : एका अनुमानाची चिकित्सा

ज्याला नाव आहे ते कोठेतरी असलेच पाहिजे, अशी आपली सहज समजूत असते. आत्मवादाच्या एका प्रसिद्ध युक्तिवादाचा पाया हीच समजूत होय. नैयायिक उद्योतकर ‘न्यायवार्तिका’त म्हणतो की, ‘आत्मा नाही’ हे बौद्धांचे विधानच स्वविरोधी आहे. कारण ‘आत्मा’ हा शब्द कशाचा तरी वाचक असल्याशिवाय निषेध संभवत नाही. ‘सशाचे शिंग नाही’ असे म्हणताना आपण ससा अथवा शिंग नाकारीत नाही, केवळ त्यांचा परस्परसंबंध नाकारतो, असे त्याचे समर्थन आहे.

शक्यता आणि अनिवार्यता यांचा विचार करणाऱ्या आधुनिक तर्कशास्त्रालाही हाच प्रश्न निराळ्या वेषात भेटला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. तसा निर्णय झाला नसता तर ते आज नसते, हे कोणीही मान्य करील. आता पुढील अनुमान पाहावे. प्रत्येक वस्तू स्वतःशी एकरूप असते; म्हणून हे विद्यापीठ स्वतःशी एकरूप आहे. एखाद्या नामाविषयी काही सत्य असेल, तर ‘असे काहीतरी आहे’ असे म्हणता येते. म्हणून या विद्यापीठाशी एकरूप असे काहीतरी आहे, अर्थात ते अस्तित्वात आहे. जे केवळ तर्कनियमांनी सिद्ध होते ते अनिवार्यपणे सत्य असते. म्हणून हे विद्यापीठ नसणे अशक्यच होय! प्रत्येक पायरी निर्दोष भासते. निष्कर्ष मात्र उघड असत्य आहे.

दोष दुसऱ्या पायरीत दडलेला आहे. नाम घेतले त्याच क्षणी वस्तूचे अस्तित्व गृहीत धरले गेले आणि तेच गृहीतक शेवटी सिद्धांत म्हणून बाहेर आले. यावर सॉल क्रिपके यांनी १९६३ साली प्रत्येक शक्य परिस्थितीला तिचा स्वतंत्र वस्तुसंच दिला आणि सिद्धांतांत नामांना थेट प्रवेश दिला नाही. ‘मुक्त तर्कशास्त्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने नामे ठेवली, परंतु ‘ही वस्तू आहे’ हे वेगळे विधान हाती असल्याखेरीज नामावरून अस्तित्वाकडे जाण्यास मनाई केली.

सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’त घेतलेली भूमिका येथे स्मरते. शब्द बाह्य वस्तूला थेट स्पर्श करीत नाही. अनादि वासनेतून उद्भवलेल्या विकल्पात भासणारा अर्थ हा त्याचा विषय होय. सांख्यांच्या ‘प्रधाना’विषयी बोलताना हा विकल्पगत अर्थच धर्मी होतो आणि त्याला बाह्य आधार आहे काय, हे तपासता येते. म्हणून ‘प्रधान नाही’ या विधानात विरोध उरत नाही. धर्मकीर्ती मुक्त तर्कशास्त्राच्याही पुढे जातात, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या मते विद्यमान वस्तूंच्या नामांचाही साक्षात विषय विकल्पगत अर्थच असतो.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. नामावरून आत्मा सिद्ध होत नाही, एवढेच या चिकित्सेने ठरते. आत्मा नाही, हे त्यावरून ठरत नाही. तेवढ्यावर बौद्ध आचार्यही थांबले नाहीत. अकराव्या शतकात विक्रमशीलेचे ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती यांनी क्षणभंगाच्या सिद्धीसाठी स्वतंत्र हेतू मांडले आणि उदयनाचार्यांनी त्यांना तितक्याच कसोशीने विरोध केला. अस्तित्व असो वा नास्तित्व, प्रमाण वेगळे द्यावे लागते. ते काम नाम करू शकत नाही.