संगणकाच्या अंतरंगात (लेखांक ९) : पोर्ट मोजू नका, चिप विचारा

मागच्या लेखात आपण हार्ड डिस्कच्या प्रकृतीची तपासणी पाहिली. आता पुढची अडचण. मदरबोर्डवर डिस्क जोडण्याचे साटा पोर्ट बहुधा चार ते सहा असतात आणि एम-डॉट-टू खाचांचे चलन वाढल्यापासून त्यांतलेही कमी होत चालले आहेत. फोटो, चित्रफिती आणि जुनी कागदपत्रे साठवणाऱ्याच्या डिस्क वाढतात आणि पोर्ट संपतात. मग पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसणारे जोडकार्ड घ्यावे लागते. त्याच्या खोक्यावर पोर्टची संख्या, ‘सहा गिगाबिट’ आणि विकणाऱ्याचे नाव ठळक छापलेले असते. कार्ड भरवशाचे आहे की नाही, हे मात्र या तिन्हींतून कळत नाही. अशी कार्डे विकणारे शेकडो असले, तरी त्यांवरची कंट्रोलर चिप बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी कार्ड म्हणजे सर्किटचा तुकडा आणि सॉकेट. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचे कार्ड?’ हा नसून ‘कोणती चिप?’ हा असला पाहिजे.

चिपला एवढे महत्त्व का, याचे उत्तर ड्रायव्हरमध्ये आहे. साटा कंट्रोलरने ऑपरेटिंग सिस्टिमशी कसे बोलावे याचा एएचसीआय नावाचा सामाईक करार इंटेलने २००४ साली पुढे आणला. तो पाळणाऱ्या चिपला विंडोज व्हिस्टापासून विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर चालतो, लिनक्सचाही चालतो. असंख्य संगणकांवर घासूनपुसून निघालेला ड्रायव्हर आणि कार्डासोबत येणारा, पुढे कोणी सुधारत नाही असा ड्रायव्हर यांत निवड करायची असेल, तर पहिलाच बरा. पण करार पाळण्याचा दावा केला म्हणजे चिप निर्दोष ठरत नाही. चिपमधल्या दोषांची नोंद लिनक्सच्या उघड्या सोर्स कोडमध्ये वाचायला मिळते. सिलिकॉन इमेजच्या जुन्या ३११२ चिपचे काही सीगेट डिस्कशी लिहिताना जमत नसे. त्यामुळे त्या मॉडेलांची यादी ड्रायव्हरमध्येच घालून त्यांच्याशी बेताने, हळू लिहिण्याची सोय करावी लागली. मार्व्हेलच्या ९१२८, ९२३० यांसारख्या चिप मेमरीशी व्यवहार करताना आपली ओळख चुकीची सांगतात. व्हर्च्युअल मशीनसाठी आयओएमयू (उपकरणांच्या मेमरी-व्यवहारावरचा पहारेकरी) चालू केले की त्या अडतात, म्हणून त्यांच्यासाठीही कर्नलमध्ये वेगळी तरतूद आहे. अशा चिपचे कार्ड कितीही नामांकित खोक्यात आले तरी दोष चिपबरोबर येणारच.

पोर्टच्या संख्येतही गोम आहे. साटाचे सहा गिगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ६०० मेगाबाइट, कारण प्रत्येक बाइटमागे दहा बिट पाठवले जातात. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीची एक लेन ५०० मेगाबाइट वाहते, तिसऱ्या पिढीची सुमारे ९८५. एएसमीडियाची १०६४ ही चिप तिसऱ्या पिढीच्या एका लेनवर चार पोर्ट देते. जेमायक्रॉनची जेएमबी५८५ दोन लेनवर पाच, तर एएसमीडियाची ११६६ दोन लेनवर सहा. आजची मोठी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला अडीचशेच्या आसपास मेगाबाइट देते. म्हणजे चार डिस्क एका लेनवर जेमतेम मावतात आणि सहा डिस्क दोन लेनवर आरामात. हिशेब जुळतो, कारण इथे प्रत्येक पोर्ट थेट चिपचा आहे. दहा-वीस पोर्टच्या स्वस्त कार्डांत मात्र बहुधा एका चिपच्या पुढे पोर्ट मल्टिप्लायर बसवलेले असतात. चाळीतल्या एका नळावर पाच बिऱ्हाडे असावीत तसे. वेग वाटला जातो, हे एक वेळ चालेल. पण एखादी डिस्क अडली आणि तो दुवा रीसेट झाला, की त्यामागच्या सगळ्याच डिस्क क्षणभर नाहीशा होतात. रेडमध्ये, म्हणजे एकाच संचात, बांधलेल्या डिस्कना तेवढा क्षण पुरतो : एक डिस्क बिघडली असताना तीन बिघडल्यासारख्या दिसतात.

यावर कोणी म्हणेल, मग कार्डाच्या फंदात पडूच नये, मदरबोर्डवरचे पोर्टच सर्वांत सुरक्षित. सर्वसाधारणपणे ते खरे आहे. मोकळे पोर्ट असतील तर आधी तेच वापरावेत. पण बोर्डावरची चिप म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. जानेवारी २०११ मध्ये खुद्द इंटेलला आपल्या सहा-मालिकेच्या चिपसेटमधला दोष जाहीर करावा लागला. त्यातले तीन गिगाबिटचे चार साटा पोर्ट काळाच्या ओघात क्षीण होण्याची शक्यता होती, सहा गिगाबिटच्या दोन पोर्टना मात्र धोका नव्हता. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला. यातूनही तेच दिसते : पोर्टचा भरवसा तो बोर्डावर आहे की कार्डावर यावर ठरत नाही, त्यामागच्या सिलिकॉनवर ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विश्वासार्हताच हवी तर सर्व्हरमधले कार्ड का घेऊ नये? एलएसआयची एसएएस२००८ चिप असलेले ९२११-८आय आठ डिस्क सांभाळते आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. (एलएसआय २०१४ मध्ये अव्हॅगोकडे गेली आणि अव्हॅगोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव धारण केले, म्हणून एकाच घराण्याची कार्डे तीन नावांनी दिसतात.) आठ डिस्क हव्या असतील तर ही निवड उत्तमच, पण तीन अटींवर. एक, त्यात आयटी मोडचे फर्मवेअर हवे, म्हणजे कार्ड रेडमध्ये नाक न खुपसता प्रत्येक डिस्क जशीच्या तशी पुढे देते. कार्डाने रचलेली रेड त्या कार्डाला बांधलेली असते. ते मेले की त्याच घराण्याचे दुसरे शोधत फिरावे लागते. लिनक्सच्या किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या रेडमधल्या डिस्क कोणत्याही साध्या कंट्रोलरला जोडून वाचता येतात. दोन, ही चिप सर्व्हरमधला वाऱ्याचा झोत गृहीत धरून बनवली आहे, घरच्या कॅबिनेटमध्ये तिच्यासमोर पंखा लावावाच लागतो. तीन, त्याआधीच्या एसएएस१०६८ई चिपची कार्डे घेऊ नयेत, कारण २.२ टेराबाइटच्या पुढची डिस्क त्यांना पूर्ण दिसत नाही. दोन-चार डिस्कच वाढवायच्या असतील तर एवढा खटाटोप कशाला? तिथे एएचसीआयची साधी चिप सरस ठरते.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा किंवा ऑनलाइन मागवा, चिपचा क्रमांक लेखी नसेल तर कार्ड घेऊ नये. लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधील हार्डवेअर आयडी पाहावा : १बी२१ म्हणजे एएसमीडिया, १९७बी म्हणजे जेमायक्रॉन, १बी४बी म्हणजे मार्व्हेल. मग कार्डावर डिस्क जोडून काही तास मोठ्या फायली कॉपी कराव्यात आणि डिस्कच्या प्रकृतीची नोंद ठेवणाऱ्या स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा आकडा आधी व नंतर पाहावा. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर झालेल्या चुका त्यात मोजल्या जातात. तो वाढला तर आधी केबल बदलावी. नव्या केबलनेही वाढत राहिला आणि तीच डिस्क बोर्डावरच्या पोर्टवर स्थिर राहिली, तर दोष कार्डाचा. परत करण्याची मुदत संपण्याआधी एवढी परीक्षा उरकावी, आणि ती पार पडेपर्यंत आपल्या माहितीची एकमेव प्रत त्या कार्डावर ठेवू नये.

(पुढील लेखांकात : वाढलेल्या डिस्क आणि पॉवर सप्लायचा हिशेब)