संगणकाशी बोलायची पहिली भाषा

मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे, यावर मराठी घरांत होणारे वाद आपल्याला नवे नाहीत. त्याच मुलाला संगणकाला कामे सांगायला शिकवताना पहिली भाषा कोणती घ्यावी, यावर मात्र एखाद्या पालकसभेत आवाज चढल्याचे ऐकिवात नाही. मंडळ अभ्यासक्रम ठरवते, प्रकाशक पुस्तक काढतात, आणि प्रश्न तिथेच मिटतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचे ठरवल्यापासून हा विषय अकरावी-बारावीच्या निवडक मुलांपुरता राहिलेला नाही. म्हणून त्याकडे जरा नीट पाहायला हवे.

संगणकाची भाषा म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहून देण्याची ठरलेली रीत. आपण बोलताना एखादा शब्द चुकलो तर ऐकणारा सावरून घेतो. संगणक सावरून घेत नाही. एक कंस राहिला तरी काम अडते. व्यावसायिकाला भाषेकडून वेग हवा असतो, आवाका हवा असतो. नवशिक्यासाठी तिची परीक्षा दोनच ठिकाणी होते, असे मला वाटते. पहिले फळ हाती येण्याआधी न समजता किती घोकावे लागते? आणि चुकल्यावर ती मुलाला काय सांगते?

पहिल्या प्रश्नाचा विचार करून घडवलेली भाषा म्हणजे बेसिक. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती तयार केली आणि १ मे १९६४च्या पहाटे तिचा पहिला प्रोग्रॅम चालला. त्यांच्यासमोर इतिहास आणि साहित्य शिकणारी मुलेही होती, आणि त्यांनाही संगणक वापरता आला पाहिजे असा दोघांचा आग्रह होता. बेसिकमध्ये एका ओळीत उत्तर मिळे. पुढे घरगुती संगणक आले तेव्हा ती अनेक यंत्रांच्या पोटातच भरलेली असे. आपल्याकडे १९८४मध्ये सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांतही बेसिकच होती. विद्वानांना ती आवडली नाही. नेदरलँड्सचे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५मध्ये लिहिले की, बेसिकची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य असते. डाइक्स्ट्रा फार मोठे संशोधक. पण बेसिकवर वाढलेल्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीने पुढे याच क्षेत्रात नाव काढले आणि हे भाकीत फसवले.

शिकवण्यासाठी घडवलेली दुसरी भाषा म्हणजे निक्लाउस विर्थ यांची १९७०ची पास्कल. ती शिस्तीची आणि नेटकी होती. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी असलेली प्रगत संगणकशास्त्राची परीक्षा १९८४पासून पास्कलमध्येच होई. १९९९मध्ये तिची जागा सी प्लस प्लसने घेतली आणि २००४मध्ये जावाने. सी प्लस प्लस आणि जावा या दोन्ही कारखान्यातल्या भाषा. शिकवायला काय सोपे, हा विचार मागे पडला आणि पुढे नोकरीत काय लागेल, हा विचार वर्गात येऊन बसला.

आपल्याकडे त्याची किंमत जास्त पडली. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत वर्षानुवर्षे सी प्लस प्लस होती. राज्य मंडळाच्या द्विलक्षी संगणकशास्त्रातही ती ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या शेजारी बसलेली असे. भाषा वाईट नव्हे. शिकवली जाई ती मात्र टर्बो सी प्लस प्लस या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या, डॉसवर चालणाऱ्या निळ्या पडद्याच्या साधनावर. पडद्यावर ‘नमस्कार’ उमटवायचा तरी मुलाने आधी दोन ‘इन्क्लूड’च्या ओळी लिहायच्या, मग ‘व्हॉइड मेन’, मग पडदा पुसायचा हुकूम, मग खरी एक ओळ, आणि शेवटी ‘गेट सी एच’, कारण ते नसेल तर उत्तर दिसायच्या आत पडदा मिटतो. यातली एकच ओळ कामाची, बाकी सगळी सोवळ्याची. ‘व्हॉइड’ का, असे विचारले की ‘ते नंतर कळेल, आत्ता लिहा’ हे उत्तर ठरलेले.

१९९८मध्ये सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि त्यात यातल्या काही ओळी बाद झाल्या. वर्गात त्या पुढेही वीसएक वर्षे घोकल्या जात होत्या. नव्या संगणकावर टर्बो चालेना, तेव्हा जुन्या डॉसचे सोंग आणणारे सॉफ्टवेअर बसवून तोच निळा पडदा परत आणला गेला. मुले जी सी प्लस प्लस शिकत होती ती बाहेरच्या जगात उरलीच नव्हती. म्हणजे नोकरीच्या नावाने आणलेली भाषा नोकरीच्याही कामाची राहिली नाही.

केंद्रीय मंडळाने आधी पर्याय म्हणून पायथन आणली आणि २०२१पर्यंत ती त्या विषयाची एकमेव भाषा झाली. पायथनचे मूळ इथे महत्त्वाचे आहे. ॲमस्टरडॅमच्या गणित-संगणक संशोधन केंद्रात नवशिक्यांसाठी ‘एबीसी’ नावाची भाषा घडवली जात होती. त्या कामावर असलेल्या गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१मध्ये पायथन बाहेर आणली. ओळ किती आत सरकवली यावरून कोणते काम कशाच्या पोटात आहे ते ओळखायचे, ही तिची खूण एबीसीचीच. ‘नमस्कार’ला एकच ओळ पुरते.

पण पायथन म्हणजे सरळ वाट, असे समजणाऱ्या शिक्षकाने दुसरा धडा घेऊन पाहावा. दोन संख्या विचारून त्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम मुले लिहितात, २ आणि ३ टाइप करतात, आणि उत्तर येते २३. वापरणाऱ्याने टाइप केलेले सगळे पायथनला आधी अक्षर वाटते. ‘ही संख्या आहे’ हे वेगळे सांगावे लागते. इथे चुकीचा संदेशही येत नाही, कारण यंत्राच्या लेखी चूक झालेलीच नसते. एक ते पाच मोजायला सांगितले तर ती चारवर थांबते, हा आणखी एक खड्डा.

नवशिक्याला कोणते शब्द आणि कोणती रचना कळते, यावर अंदाजांपलीकडचे काम थोडे आहे. आंद्रेआस स्टेफिक आणि सुझॅना सिबर्ट यांचा २०१३चा अभ्यास त्यात मोलाचा. त्यांनी प्रचलित भाषांच्या पंक्तीत एक बनावट भाषा बसवली. तिची चिन्हे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली. जावा आणि पर्ल वापरणारे नवशिके या बनावट भाषेवाल्यांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. पायथन आणि रूबीवाले सरस ठरले. पुन्हा पुन्हा करायच्या कामासाठी बहुतेक भाषांत ‘फॉर’ हा शब्द आहे. नवशिक्यांना तो उमगत नाही, ‘रिपीट’ उमगतो, असेही दिसले. हे इंग्रजी जाणणाऱ्यांचे झाले. मराठी माध्यमातल्या सहावीच्या मुलीला ‘फॉर’ आणि ‘रिपीट’ दोन्ही सारखेच परके. तिच्यासाठी शब्दांवाचून कळणारी चूक हवी.

तशी चूक लोगो या भाषेत होती. सेमूर पॅपर्ट, वॅली फ्युरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती १९६७मध्ये अमेरिकेत मुलांसाठीच केली. पॅपर्ट जीनिव्हात पियाजे यांच्याजवळ काम करून आलेले, त्यामुळे मूल स्वतः रचून शिकते यावर त्यांचा विश्वास होता. लोगोत एक कासव असते. त्याला ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ सांगितले की त्याच्या मागे रेघ उमटते. समभुज त्रिकोण काढायचा म्हणून मूल प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंश वळवते, कारण पुस्तकात त्रिकोणाचा कोन ६० आहे. रेघा मिटत नाहीत, आकृती षटकोनाकडे जाऊ लागते. मग मूल उठते, वर्गात स्वतः चालून बघते आणि कासवाला बाहेरच्या बाजूने १२० अंश वळावे लागते हे त्याला पायांनी कळते. चूक कुठे झाली हे सांगायला इंग्रजी वाक्य लागले नाही, चित्राने सांगितले. एमआयटीत २००७मध्ये आलेल्या स्क्रॅचने हेच रंगीत ठोकळ्यांच्या रूपात पुढे नेले. ठोकळे एकमेकांत बसतात किंवा बसत नाहीत, त्यामुळे कंस विसरण्याचा प्रश्नच नाही.

कासव आता पायथनमध्येही आहे, तिच्याबरोबर फुकट येते. शिवाय पायथन २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे स्वीकारते. शिक्षकाने वर्गाआधी चार ओळी लिहून ठेवल्या, की ‘फॉरवर्ड’ला ‘पुढे’ म्हणायचे आणि ‘राइट’ला ‘उजवीकडे’, तर मुले कासवाला मराठीत हाकू शकतात. टाइप केलेला देवनागरी ५ हा आकडाही संख्या म्हणून चालतो. खुद्द प्रोग्रॅममध्ये मात्र इंग्रजी आकडेच लिहावे लागतात. लायडन विद्यापीठात फेलिना हेर्मान्स यांनी २०२०मध्ये सुरू केलेली हेडी ही शिकाऊ भाषा याच्या पुढे जाते. तिच्यात हुकूमच हिंदी, अरबी अशा भाषांत देता येतात आणि कंस-अवतरणचिन्हांचे नियम पायरीपायरीने येतात, पहिल्याच दिवशी अंगावर येत नाहीत.

म्हणून सहावी-सातवीला स्क्रॅच, आठवीला पायथनमधले कासव आणि बेरजेचा धडा त्यानंतर, असा क्रम मला पटतो. फक्त पायथनची एक खोड उरते. मुलाने ‘पुढे’ऐवजी ‘पुधे’ लिहिले की पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येते आणि त्याच्या मधोमध ते चुकलेले मराठी नाव. सुरुवातीच्या वर्गात भेटणारे असे संदेश मोजकेच असतात: नाव ओळखता आले नाही, कंस मिटला नाही, ओळ चुकीच्या जागी सरकली, अक्षराची आणि संख्येची बेरीज होत नाही. त्यांचे मराठी अर्थ एका तक्त्यावर लिहून संगणक कक्षात फळ्याशेजारी लावायला मंडळाच्या परिपत्रकाची गरज नाही.