‘ओके’चा फुल फॉर्म

अमेरिकेच्या यादवी युद्धात म्हणे संध्याकाळी छावणीत फलक लागायचा. एकही सैनिक दगावला नसेल, तर त्यावर ‘झिरो किल्ड’, म्हणजे ‘ओ. के.’! व्हॉट्सअ‍ॅपवर ही कथा अधूनमधून फिरत येते. पण ते युद्ध पेटलं १८६१ साली, आणि ‘ओ. के.’ ही अक्षरं ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ने २३ मार्च १८३९लाच छापली होती, तीही ‘ऑल करेक्ट’ हा अर्थ सोबत देऊन. तारयंत्राच्या ऑपरेटरांनी हा शब्द काढला, हेही त्याच तारखेपुढे टिकत नाही. मोर्सची ती गाजलेली तार १८४४ची.

पण मग ‘ऑल करेक्ट’चं ‘ए. सी.’ का नाही झालं? कारण तो चावटपणा होता. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची, असा नादच तेव्हा बोस्टनच्या वृत्तपत्रांना लागला होता. ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’, ‘नो गो’चं ‘के. जी.’! बाकीची कधीच विरली. ‘ओके’ तगला तो १८४०च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन मूळचे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे. ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढला. विरोधकही कमी नव्हते. त्यांनी उठवलं, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसल्याने तेच कागदांवर ‘ओ. के.’ खरडायचे! ही प्रचारातली थाप पुढे व्युत्पत्ती म्हणून सांगितली गेली. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र देशभर झाला.

मूळ अमेरिकी चॉक्टॉ भाषेतल्या ‘ओके’शी मिळत्याजुळत्या शब्दाचा दावा मला बाकीच्यांपेक्षा वजनदार वाटतो. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर त्यापायी ‘ओकेह’ असंच लिहीत. तरी अ‍ॅलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रं चाळून १९६३-६४मध्ये बोस्टनचा माग मांडला आणि बहुतेक कोशकारांनी तोच स्वीकारला.

आपल्या ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’चं काय? कोणी म्हणतं, महायुद्धात रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकांवरचं ते ‘ऑन केरोसीन’. कोणी त्यात टाटांच्या ओके साबणाची जाहिरात पाहतं. दोन्ही कथा सांगायला झकास, पण बोस्टनच्या अंकासारखा त्या काळातला छापील कागद यांच्यामागे माझ्या तरी पाहण्यात नाही. नक्की आहे ते एवढंच, की ही ओळ वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने तिच्यावर बंदी घातली.