नाक-डोळे शेवटी

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान वेगळा असतो. मूर्ती साच्यातून निघते, अंगाचा रंग कुणीही देतो, पण बुबुळं काढायला बसतो तो मुरलेला हात. डोळे उघडले की मूर्तीत जीव आला, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच की काय, मातीत व्यक्तिशिल्प शिकायला आलेला नवखा शाडूचा गोळा समोर येताच थेट डोळ्यांना हात घालतो आणि तिथेच फसतो.

मातीतला माणूस आतून उभा करावा लागतो. जाड फळीवर पक्का बसवलेला उभा दांडा, त्यावर डोक्याच्या आकारात वाकवलेली तार, आणि आत तारेनेच टांगलेले लाकडी काड्यांचे छोटे क्रॉस. त्यांना ‘बटरफ्लाय’ म्हणतात. ओल्या मातीचा भार खाली घसरू नये म्हणून ते हवेत. हे आर्मेचर चुकलं तर आठवडाभराच्या कामानंतर हनुवटी छातीवर येते. आर्मेचरवर माती चढते ती कवटीची म्हणून, चेहऱ्याची म्हणून नाही. मान खांद्यांतून सरळ खांबासारखी निघत नाही, पुढे झुकत वर येते. डोळे डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर असतात. नवखे ते हमखास वर नेतात, कारण केसांखालची कवटी त्यांच्या हिशेबातच नसते. कान भुवई आणि नाकाचा बुंधा यांच्या दरम्यान येतो, आणि बाजूने पाहिलं तर मध्याच्या मागे. कॅलिपरने ही अंतरं पुन्हा पुन्हा तपासायची. पण माप बरोबर असूनही माणूस न उतरणं हा या विषयातला नेहमीचा अनुभव आहे.

त्यावर उपाय एकच, फिरत राहणं. समोर बसलेलं मॉडेल आणि मातीचा स्टँड दोन्ही थोडे थोडे फिरवायचे, आणि प्रत्येक कोनातून फक्त कडेची रेषा जुळवायची. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे पुसले जातात, उजेड-सावलीचे मोठे पृष्ठभाग उरतात. ओळखीचा माणूस आपण गल्लीच्या टोकाला पाठमोरा ओळखतो, तो कशावरून? मानेच्या कलावरून, खांद्यांच्या उतारावरून. माझ्या मते व्यक्तिशिल्पातलं निम्मं साम्य मागच्या बाजूलाच असतं, आणि तिकडे कुणी बघत नाही.

मग येतो डोळा. इथे रंग नाही. आधी खोबणीत पूर्ण गोल बसवायचा, मग त्यावर पापण्या जाडीसकट पांघरायच्या; वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात खालचीवर किंचित चढते. बुबुळ मात्र खड्ड्यानेच दाखवावं लागतं. अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार उदाँ बुबुळ खोल कोरून आत दगडाचा एक कण राखून ठेवायचा. खड्ड्याच्या अंधारात तो कण उजेड पकडतो आणि डोळा ओला दिसतो. मातीत हीच युक्ती कोरणीच्या एका फटकाऱ्यात साधते, अर्थात साधली तर.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने (स्थापना १८५७) हे वास्तववादी वळण महाराष्ट्रात रुजवलं. रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये इथे शिल्पकला शिकवायला आले. याच संस्थेत शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेला निघालेली नऊवारीतली तरुणी, प्लास्टरमध्ये. रवींद्रनाथ टागोरांनी त्या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला. अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक करमरकरांना त्यांनी काढलेलं चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी जे. जे. चा रस्ता दाखवला. सासवण्यातलं करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे. गावातलीच माणसं तिथे शिल्पांत बसली-उभी आहेत, आणि पाठीमागून पाहिली तरी ती गावातलीच वाटतात.

काम चालू असेतो माती ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. वाळली की ती आकसते, आतला दांडा आकसत नाही, आणि तडे जातात. आत धातू असल्याने भट्टीतही घालता येत नाही. म्हणून प्लास्टरचा वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा. पहिला पातळ थर मुद्दाम निळसर करतात. साच्यात ओतकाम झालं की बाहेरचा पांढरा थर छिन्नीने फोडत यायचं, निळं दिसलं की हात हलका करायचा, कारण पुढचा घाव नाकावर बसू शकतो. मूळ माती साच्यातून उकरून काढतानाच संपलेली असते.

हे सगळं समोर बसलेल्या माणसाचं झालं. चौकातले पुतळे बहुतेक फोटोवरून होतात. साईबाबांनी १९१८ मध्ये देह ठेवला, आणि बाळाजी तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती शिर्डीत बसली ती १९५४ मध्ये. तिचं नाव झालं, पण असा हात विरळा. फोटो एकाच बाजूचा असतो, कवटीची खोली त्यात मिळत नाही, आणि ती न कळलेल्या शिल्पकाराचा पुतळा समोरून नेता आणि बाजूने पाटी दिसतो. सार्वजनिक पुतळ्याचं मातीचं मॉडेल आपल्याकडे कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. पुतळा समितीनेही मंजुरीच्या दिवशी स्टँड एकदा पूर्ण फिरवून घ्यावा. माती ओली आहे तोवर मान दुरुस्त करता येते.