काळा रंग आणि मोठा टीव्ही

मोठ्या आकाराचा महागडा टीव्ही दुकानात पाहून पसंत केला जातो, पण दुकानात दिसणारे चित्र आणि घरात दिसणारे चित्र यांत बरीच तफावत असते. लखलखीत उजेडात ओळीने मांडलेल्या संचांमध्ये जो सर्वांत भडक तोच नजरेत भरतो, म्हणून उत्पादकही दुकानासाठी वेगळी, डोळे दिपवणारी मांडणी संचातच करून ठेवतात. चित्रपट मात्र बहुधा रात्री, दिवे मंद करून पाहिला जातो आणि तेव्हा संचाचा कस लागतो तो काळ्या रंगावर.

ओएलईडी पटलातला प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि गरज नसेल तेव्हा पूर्ण विझतो, त्यामुळे तेथे काळे म्हणजे खरोखरच काळे. मिनी-एलईडी हा एलसीडीचाच सुधारित प्रकार असून त्यात पटलामागच्या सूक्ष्म दिव्यांचे शेकडो, क्वचित हजारो विभाग पाडून ते स्वतंत्रपणे मंद केले जातात. तथापि फोर-के चित्रात सुमारे 83 लाख बिंदू असल्याने एकेका विभागाच्या वाट्याला हजारो बिंदू येतात आणि काळोखातल्या एका मेणबत्तीभोवती धूसर वलय उमटू शकते. रुंद पडद्यासाठी काढलेल्या चित्रपटात वरखाली काळे पट्टे राहतात, आणि मल्याळम किंवा कोरियन चित्रपट पाहताना खालच्या पट्ट्यात उपशीर्षकाची पांढरी ओळ आली की तेवढाच भाग राखाडी होतो. हा दोष एकदा लक्षात आला की नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते. असे असले, तरी बाल्कनीतून दुपारचे ऊन थेट आत येणाऱ्या दिवाणखान्यात मिनी-एलईडीची जादा उजळता उपयोगी पडते. शिवाय ओएलईडीवर वाहिनीचे बोधचिन्ह किंवा धावफलक वर्षानुवर्षे तासन्‌तास एकाच जागी राहिला, तर त्याचा कायमचा डाग पडण्याचा धोका असतो. ज्या घरात दिवसभर बातम्या चालू असतात, त्या घराने हा विचार अवश्य करावा.

आकाराबाबत मात्र संकोच नको. 65 इंची पडद्याची रुंदी सुमारे 144 सेंटिमीटर असते आणि नऊ फुटांवरून तो नजरेचा साधारण 30 अंशांचा भाग व्यापतो, जे चित्रपटासाठी किमान मानले जाते.

चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या पटलावर 24 ने भाग जात नाही, म्हणून एक चौकट तीनदा तर पुढची दोनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा संथपणे सरकताना चित्र अडखळते. 120 हर्ट्‌झच्या पटलावर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येते. याउलट, मधल्या चौकटी स्वतः रचून घालणारी सोय चालू राहिली की चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ही सोय बंद ठेवून रंग व प्रमाण मुळाबरहुकूम दाखवणारा 'फिल्ममेकर मोड' 2019 मध्ये जाहीर झाला आणि मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन अशा दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला. अनेक नव्या संचांत तो असतो. फक्त तो निवडावा लागतो.

खेळांचे गणित वेगळे आहे. कळ दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतील विलंबाला 'इनपुट लॅग' म्हणतात; चित्र सुधारण्याच्या प्रक्रियांमुळे तो वाढतो, आणि 'गेम मोड' त्या प्रक्रिया वगळून तो चांगल्या संचांत 15 मिलिसेकंदांच्या आत आणतो. हौसेपुरते खेळणाऱ्यास एवढे पुष्कळ झाले. 2020 मध्ये आलेले प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे कन्सोल फोर-के चित्र सेकंदाला 120 चौकटींपर्यंत देऊ शकतात, आणि पटलाचा वेग खेळाच्या कमी-जास्त होणाऱ्या वेगाशी जुळवून घेणारी 'व्हीआरआर' ही सोयही त्यांना चालते. त्यासाठी एचडीएमआय 2.1 दर्जाचा पोर्ट लागतो. कित्येक संचांत चारपैकी दोनच पोर्ट या क्षमतेचे असतात आणि त्यांतला एक साउंडबार जोडण्याचाही असतो. पातळ पटलातले स्पीकर बहुधा तोकडे असल्याने साउंडबार लागतोच, पण कन्सोल एकच असेल तर दोन पोर्ट पुरतात आणि चारही पोर्ट त्या क्षमतेचे हवेत म्हणून जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.