घरच्या बियाला काय झाले?

एखाद्या जुन्या शेतकऱ्याच्या घरी गेलात तर आढ्याला टांगलेली ज्वारीची कणसे कदाचित अजूनही दिसतील. पूर्वी काढणीच्या आधी घरातील जाणते माणूस उभ्या पिकातून फिरे, भरदार कणसे निवडी, आणि त्यांचे दाणे राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवी. पुढच्या मृगाला तेच बी शेतात जाई. शेजाऱ्याचे बी संपले तर त्याला पायलीभर देत. सुगीनंतर तो ते सवाईने परत करी.

आज मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानापुढे रांग लागते. कपाशीचे बी तर जवळजवळ सर्वच शेतकरी दरवर्षी विकत घेतात. घरची सरकी पेरली तर उगवणार नाही का? उगवेल की! मग अडते कोठे?

त्यासाठी मेंडेलचे वाटाणे आठवा. त्याने उंच आणि ठेंगण्या झाडांचा संकर केला. पहिली पिढी सगळी उंच निघाली. पण त्या उंच झाडांचे बी पेरल्यावर ७८७ झाडे उंच आणि २७७ ठेंगणी आली. लपलेला गुण दुसऱ्या पिढीत बाहेर पडला.

संकरित पिकाचे असेच आहे. दोन वेगळ्या, शुद्ध वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी एकसारखी असते आणि बहुधा आईबापांपेक्षा जोमदार. (गावाकडे किडमिड्या पोराला ‘हायब्रीड’ म्हणून चिडवतात, ते खरे तर उलटे आहे!) पण तिचेच बी पुन्हा पेरले की जनुकांच्या जोड्या फुटतात. एका जोडीपुरते पाहिले तर निम्मीच झाडे संकरित राहतात. दहा स्वतंत्र जोड्या धरल्या, तर दहाही बाबतींत संकरित राहिलेले झाड १०२४ मध्ये सरासरी एक! शेत उंचसखल होते, फुलोरा मागेपुढे येतो, उत्पन्न घटते. कंपनीने बियात काही कळ बसवली आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ही कळ निसर्गाची आहे. मात्र ती विकणाऱ्याच्या सोयीची आहे, कारण आईबाप वाण ज्याच्याकडे, त्याच्याकडेच दरवर्षी जावे लागते.

आपल्याकडे संकरित ज्वारीचे ‘सी.एस.एच.-१’ हे पहिले बियाणे १९६४ साली आले. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा कापूस तयार केला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातील पहिला संकरित कापूस. त्याचे बी करणे किती कष्टाचे! दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, नखाने तिचे पुंकेसर काढायचे, आणि सकाळी बाप वाणाचे फूल आणून त्याचा पराग तिच्यावर लावायचा. एकेका बोंडामागे एवढा खटाटोप. २००२ साली बी.टी. कापसाला परवानगी मिळाली. ते जनुकही येथे मुख्यतः संकरित वाणांतूनच आले आणि घरच्या सरकीचा प्रश्नच मिटला.

प्रत्येक सुधारित बियाणे संकरित असते असे मात्र समजू नका. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बी आणले गेले. ते सरळ वाणांचे होते. गव्हात स्वपरागण होते, म्हणून त्याचे बी राखले तरी पुढचे पीक तसेच येते. असे बी एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे सहज जाते.

जेथे निसर्गाची कळ नाही, तेथे कायदा पुढे येतो. अमेरिकेत कापसाचे सरळ वाण पेरतात, पण जनुकावर पेटंट असल्यामुळे तेथे बी राखता येत नाही. भारतात वनस्पती आणि बियाणे यांना पेटंट मिळत नाही. त्याऐवजी २००१ साली आपण वेगळा कायदा केला. नवा वाण काढणाऱ्याला तो नोंदवून हक्क मिळवता येतो. पण त्याच कायद्याचे ३९ वे कलम सांगते, की नोंदलेल्या वाणाचेही बी शेतकऱ्याने राखावे, पेरावे, बदलावे, विकावे. फक्त छापाच्या पिशवीत भरून नाममुद्रेने विकू नये.

याची परीक्षा बटाट्यावर झाली. बटाटा लावतात तो कंदाचा तुकडा, म्हणजे मुलगा हुबेहूब आईसारखाच. येथे जोड्या फुटण्याचा प्रश्नच नाही. २०१९ साली पेप्सिको कंपनीने आपला नोंदलेला, वेफर्सचा ‘एफ.सी.-५’ बटाटा लावला म्हणून गुजरातेतील शेतकऱ्यांवर दावे लावले. चौघांकडे तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली! देशभर गवगवा झाला आणि महिन्याभरात कंपनीने दावे मागे घेतले. पुढे २०२१ साली त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, पण जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. ३९ वे कलम मात्र जागेवरच आहे.

जोड्या फुटतात म्हणजे काय, हे शाळेच्या बागेतही पाहता येईल. संकरित मक्याच्या शेतातून दोन-चार कणसे मागून आणा. त्यांचे पन्नास दाणे एका वाफ्यात आणि त्याच मक्याच्या नव्या पिशवीतले पन्नास दुसऱ्यात लावा. तुरे आल्यावर प्रत्येक झाडाची उंची मोजून वहीत मांडा. पिशवीतल्या बियांना रंगीत औषध चोळलेले असते. पेरून झाल्यावर हात साबणाने धुवा.