प्लगचे आटे गेले, आता काय?

आज एका अगदी छोट्या भागाविषयी बोलणार आहे. चूक माझीच होती, त्यामुळे ती लपवायचं कारण नाही.

देवनहळ्ळीत राहायला आल्यापासून रविवारी पहाटे बुलेट काढायची आणि नंदी हिल्सला जायचं, हा आमचा शिरस्ता. असाच एकदा निघायच्या घाईत प्लग साफ करून परत बसवला. दुसऱ्या फेऱ्यालाच हाताला जड लागला. हात सांगत होता थांब, पण मी पाना लावला आणि आवळला. बत्तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हट्ट सोडवत नाही.

चढावर फाडकन आवाज झाला. प्लग केबलसकट बाहेर, भोकातून पेट्रोलची वाफ फुसफुसतेय आणि मागे आमच्या सौ. बसलेल्या. ठिणगी पडली असती तर आज हे बोलायला मी नसतो. किल्ली बंद केली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि गाडी टेंपोत घालून घरी आणली.

असं का होतं? बहुतेक प्लगचा व्यास १४ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर असतं. प्लग पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. प्लग तिरका गेला की पोलाद जिंकतं आणि हेडचे आटे कापले जातात. आता हिशोब करा. सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ३० किलो दाब धरला, तरी त्या भोकावर सुमारे ४६ किलोचा धक्का बसतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर हा धक्का सेकंदाला २५ वेळा. अर्धवट आटे किती टिकणार?

आता दुरुस्ती. आधी नुकसान किती ते पाहा. पहिलेच एक-दोन आटे दबले असतील तर चेझर पुरतो. तो धातू कापत नाही, वाकलेले आटे सरळ करतो. पण आटे निघूनच आले असतील तर तीन वाटा आहेत.

पहिली, हेलिकॉइल. ही स्टेनलेस तारेची स्प्रिंग. भोकात साधारण दीड मिलिमीटरने मोठे नवे आटे पाडायचे आणि त्यात ती फिरवत बसवायची. स्प्रिंग बाहेरच्या बाजूला फुलते म्हणून घट्ट राहते. स्वस्त आणि चांगली, पण कधीकधी प्लग काढताना त्याच्याबरोबर बाहेर येते.

दुसरी, पोलादी बुश. आतून-बाहेरून आटे पाडलेली नळीच म्हणा. प्लग वारंवार काढायचा असेल तर हीच बरी. तिसरी, आर्गन वेल्डिंगने भोक भरून पुन्हा आटे पाडणं. भोकाला तडा असेल तर हाच मार्ग, पण त्यासाठी मुरलेला कारागीर हवा.

मी बुश निवडली आणि हेड उतरवलं. हेड न काढता टॅपला ग्रीस लावून काम करणारे आहेत. ग्रीसला बराचसा चुरा चिकटतो, पण बराचसाच. उरलेला सिलिंडर खरवडतो. एका सिलिंडरचं हेड काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, मग धोका कशाला?

हेड घेऊन गावातल्या लेथवाल्याकडे गेलो. टॅप धरायला मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, ‘निधान, सार, निधान.’ हळू. टॅप अगदी सरळ उभा धरायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल देत राहायचं. बुशची लांबी प्लगच्या आट्यांएवढीच हवी. जास्त झाली तर टोक आत डोकावतं, तापून लाल होतं आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतं. शेवटी हेड धुऊन, नवं गॅस्केट घालून, नट आमनेसामने थोडे थोडे आवळले आणि टॅपेट लावून घेतले.

आता पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं?

इंजिन गार झाल्याशिवाय प्लग काढू नका. काढण्याआधी भोकाभोवतीची माती फुंकून टाका. बसवताना प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घाला आणि नळीनेच फिरवा. आधी उलटा फिरवा, ‘टिक’ जाणवलं की सुलटा. तिरका गेला तर नळी घसरते, आटे वाचतात. हाताने पूर्ण बसल्यावरच पाना घ्या. वायसरचा नवा १४ मिलिमीटरचा प्लग असेल तर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुना असेल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा. टॉर्क रेंच असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन-मीटर. म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्यावर १२ ते १५ किलोचा जोर, त्याहून जास्त नाही. आणि प्लगच्या आट्यांची लांबी गाडीच्या पुस्तकातलीच हवी. लांब प्लगचे आत निघालेले आटे काजळी धरतात आणि काढताना हेडचे आटे ओरबाडून आणतात.

फौजेत ईएमईच्या एका हवालदाराने मला हे सगळं नळीसकट शिकवलं होतं. त्या पहाटे माझ्या खिशात नळीचा तुकडा नव्हता असं नाही. होता. काढला नाही, एवढंच.

आता सौ. निघण्याआधी एकच विचारतात, ‘प्लग हाताने बसवलात ना?’ तुम्हीही स्वतःला विचारत जा. जय हिंद.